बाहीवरचा नंबर

कारकुनाने कागद मुलीपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. कागदावर दोनच ओळी होत्या. घर सोडण्याचा आदेश न जुमानता मागे राहिलेल्यांना सोडवण्याचा खर्च त्यांच्याकडून घ्यावा. ते देऊ शकत नसतील, तर त्यांच्या घरच्यांकडून. पुरात गेलेल्या बोटचालकाच्या मुलीची सही असली की नियम लवकर मंजूर होईल, असं साहेबांचं म्हणणं होतं.

तिला आग्रह करावा लागला नाही. याच दोन ओळींवरून ती वडिलांशी वर्षानुवर्षं भांडत आली होती.

जेवताना ती म्हणायची, भोंगा तीनदा वाजतो, माणूस दारोदार जाऊन सांगतो, तरी ज्यांचा पाय घरातून निघत नाही त्यांच्यासाठी तुम्ही का मरायचं? निदान डिझेलचे पैसे तरी घ्या. वडील ताटातून मान वर न करता म्हणायचे, बिल लावलं की माणूस बुडताना आधी हिशेब करेल आणि मग हाक मारेल. तोवर आमची बोट काय कामाची? एवढं बोलून ते आणखी वाढून घ्यायचे.

हट्टी माणसांशी ते वाद घालत नसत. खिशातून पाण्याने न जाणारं काळं पेन काढायचे आणि म्हणायचे, हात पुढे करा, घरच्यांचा नंबर लिहून ठेवतो, नंतर ओळख पटवायला सोपं जातं. दहातले नऊ जण नंबर अर्धा होईपर्यंत बोटीत आलेले असत. एकाने तर शेवटचे तीन आकडे बोटीत बसल्यावर सांगितले होते. घरी ते त्याची नक्कल करायचे, आणि भांडण कितीही तापलेलं असलं तरी मुलगी हसायची.

दहावं माणूस आज समोरच्या बाकावर बसलं होतं. शाळेचे गणवेश शिवणारी एक म्हातारी. पहिल्या फेरीत ती आली नाही, म्हणून वडील दुसऱ्यांदा गेले. खिडकीतून उचलून त्यांनी तिला बोटीवरच्या जोडीदाराच्या हातात दिलं, आणि कुंपणाची भिंत त्यांच्यावर आली. त्याला नऊ दिवस झाले होते.

मुलीने बाकाकडे पाहिलं नाही. सही केली. टेबलांवर भिजलेल्या फायली पंख्याखाली वाळत पडल्या होत्या. त्यांतली एक कोरडी बघून कारकुनाने कागद तीत ठेवला आणि याच नियमाखालच्या पहिल्या नोंदीसाठी म्हातारीला पुढे बोलावलं.

घर का सोडलं नाही, त्याने विचारलं. आजारी होतात? कुणाची वाट बघत होतात?

"छे हो. नुसता हट्ट," म्हातारी म्हणाली. "खोटं कशाला सांगू? वर गेल्यावर त्या माणसाला तोंड दाखवायचंय मला."

मुलीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

पैसे होते का? शिवणयंत्रच वाहून गेलं होतं. घरचं कुणी? कुणीच नव्हतं. हे तिने पहिल्या फेरीत बोटवाल्यांनाही ऐकवलं होतं. म्हटलं, लिहायला माझ्याकडे नंबरच नाही, तेव्हा ही तुमची भीती दुसऱ्या कुणाला घाला. मग तिला काही न विचारता त्यांनी आपल्याच मनाने एक नंबर तिच्या हातावर लिहिला. हा कुणाचा, असं तिने विचारलं.

"म्हणाले, काही बरंवाईट झालं तर हे माणूस येईल तुम्हाला न्यायला. भांडेल, पण येईल."

मग अजून फोन का केला नाहीत, कारकून वैतागून म्हणाला. बरंवाईट झालं तर करायचा होता, म्हातारी म्हणाली, मी तर धडधाकट आहे. शाई फिकी व्हायला लागली तेव्हा तिने तेच आकडे, त्याच वळणाने, बाहीच्या आतून धाग्याने काढून घेतले होते. जन्मभर पोरांच्या कॉलरींवर नावं काढली होती तिने. तिने बाही उलटी करून टेबलावर हात ठेवला. कारकुनाने चष्मा नाकावर सरकवला आणि एकेक आकडा बघत नंबर लावला.

मुलीच्या मांडीवरच्या पिशवीत फोन वाजू लागला.

कारकून रिसीव्हर कानाला धरून तसाच बसला. त्याचा दुसरा हात सहीच्या फायलीवर होता. तिसऱ्या रिंगला मुलीने फोन उचलला. दोघांमध्ये एका टेबलाचं अंतर होतं, तरी सवयीने त्याने रिसीव्हरमध्येच विचारलं, या बाईंच्या घरून बोलताय का?

"हो," ती म्हणाली. "त्यांना न्यायलाच आलेय."