शरणम्मांचे लुगडे

चिखलात रुतलेले पाऊल उपसावे तशा शरणम्मा चालत. उदगिरात मात्र तीन वर्षे चिखल झाला नव्हता. त्यांचे चिरंजीव मन्मथअप्पा नवा जिल्हा मागणाऱ्या समितीचे सरचिटणीस. तालुक्याची सारी दुखणी त्यांना मुखोद्गत होती. आईच्या दुखण्याला त्यांनी एकच नाव दिले होते: वय. पुढे त्या विसरू लागल्या, नेसते लुगडे ओले करू लागल्या. टँकर आठवड्यातून एकदा येई. "रोज धुवायला पाणी कुठलं आणू, आत्याबाई?" म्हणत सूनबाईंनी त्यांचे पिण्याचे पाणी दिवसाला एका तांब्यावर आणले. अप्पांनी या नियोजनाचे कौतुक केले.

लातूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. "हे वय नव्हे, अप्पा. डोक्यात पाणी साचलंय. पाय जमिनीला चिकटायला लागले तेव्हाच आणायचं होतं. नळी घालून पाणी काढलं असतं, चालल्या असत्या. आता काढू, पण कितपत उपयोग होईल, सांगता येत नाही."

 शरणम्मांनी हात जोडले.

"वाया घालू नका, डाक्टरसाब. बादलीत धरा. सुनंला माझं लुगडं धुवायला हुईल."