तोंडभरून शिफारस

नव्या नोकरीचा पहिला महिना अजून पुरा व्हायचा होता. सोमवारी सकाळी, कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेच्या मागच्या खोलीत, मालकांनी नव्या कारागिराने मेणात बसवलेले दात उजेडात धरले, वरचा जबडा खालच्यावर टेकवून पाहिला आणि सगळे दात पुन्हा बसवायला सांगितले.

"दिसायला तर मोत्यांसारखे आहेत," कारागीर म्हणाला.

"दाढा टेकतच नाहीत. ज्या आजींची ही कवळी, त्यांनी हिने घास चावायचा कसा?"

"आरशात पाहतील तेव्हा खूश होतील."

"आरशाला भूक लागत नाही हो," मालक म्हणाले आणि पुढच्या खोलीत निघून गेले.

कारागिराने जबडा बाजूला सारला. दोष दातांत असू शकेल, ही शंका त्याला शिवलीही नाही. त्याच्या मते दोष खोलीत होता. खुर्ची डुगडुगत होती, खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती, आणि अशा अंधारात कलावंताकडून दाढा टेकवण्याची अपेक्षा करणे हा निव्वळ अडाणीपणा होता. आपली योग्यता ओळखणारा माणूस जगात एकच आहे आणि तो आपल्याच कपड्यांत वावरतो, हे त्याचे जुने मत. त्या मतापायी त्याने आजवर बऱ्याच नोकऱ्या सोडल्या होत्या. त्यातल्या एकाही मालकाने निरोप देताना स्तुतीत हात आखडता घेतला नव्हता, हे तो भेटेल त्याला सांगत असे. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या कार्यशाळेत एक जागा रिकामी झाली होती. त्याने अर्ज केला होता आणि बोलावणेही आले होते.

बायकोने ते ऐकले तेव्हा ती जमिनीवर बसून खोकी उघडत होती. या नोकरीसाठी तिने स्वतःची शाळेतली नोकरी सोडली होती आणि बिऱ्हाड इकडे हलवले होते.

"अहो, निदान भांडी तरी बाहेर निघू द्या. मग सोडा नोकरी."

"लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये म्हणतात."

"तुमच्याकडे ती दर दोन महिन्यांनी टिळा लावायला येते. कपाळ झिजलं तुमचं! आणि तिथं नाही घेतलं तर?"

"तर ही नोकरी आहेच."

"ही कुठं आहे? महिना भरल्यावर पक्कं करायचं की घरी पाठवायचं, ते मालक ठरवणार आहेत. आत्ता त्यांच्या डोळ्यांवर यायचं कशाला?"

"मी त्यांना सांगूनच जाणार. लपूनछपून जाणं माझ्यासारख्याला शोभत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना सांगितले. मालक एका कवळीची कड घासत होते. त्यांनी कानस खाली ठेवली.

"त्यांचा मला फोन येईलच. काय सांगू?"

"जे तुम्हाला योग्य वाटेल ते."

"मग ते माझ्यावर सोपवा. अगदी मनापासून सांगेन," मालक म्हणाले, आणि मुलाखतीसाठी त्यांनी अख्ख्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली. अर्धा दिवस पुरेल असे तो म्हणाला, तर त्यांनी ऐकलेच नाही.

"बघ," तो घरी आल्यावर म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन."

"रागावले नाहीत?"

"छे!"

"राहा असंही म्हणाले नाहीत?"

"माझ्या वाटेत यायचं नसेल त्यांना."

बायकोने हातातल्या खोक्याची अर्धवट सोडलेली सुतळी पुन्हा आवळून बांधली.

मोठ्या कार्यशाळेच्या मालकीणबाईंची खोली काचेची होती. पलीकडे लांबच लांब टेबलावर, भरपूर उजेडात, कारागीर मेण वितळवत होते. बाईंनी त्याला बसवले.

"तुमच्या मालकांशी बोलले मी काल. फार कौतुक केलं तुमचं. हात सोन्याचा म्हणाले, स्वभाव लोण्यासारखा म्हणाले. असा माणूस भेटायला भाग्य लागतं म्हणाले."

कारागीर खुर्चीत मागे रेलला. मग त्याने आपल्या अटी सांगितल्या. जागा खिडकीजवळची हवी. तडकलेल्या जुन्या कवळ्या सांधण्याचे हलके काम आपण करणार नाही. आणि आपण एकदा बसवलेले दात कोणी परत बसवायला सांगता कामा नये. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि काचेपलीकडे बोट केले.

"तो चष्मेवाला दिसतो ना, तो माझा मुख्य कारागीर. याच मालकांकडून आणलाय. तेव्हा ते मला फोनवर म्हणाले होते, दारुडा आहे, कामचुकार आहे, चुकूनही घेऊ नका. अहो, त्या बिचाऱ्याला खोकल्याच्या औषधानंसुद्धा झिंग येते!"

कारागीर मोठ्याने हसला. "म्हणजे खोटं बोलले!"

"बोलणारच. हातातला चांगला माणूस कोण सोडतं? मीसुद्धा तेच करते. माझी मुलगी इथंच काम करते. मागच्या वर्षी त्यांनी तिला तिकडे ओढायला पाहिलं, तर मी पोटच्या पोरीला चोर म्हटलं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं."

कारागीर अजून हसतच होता. "आणि माझ्याबद्दल काहीच वाईट नाही बोलले?"

"एक शब्दही नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा इथं तुम्हाला जागा नाही, आणि तिथंही उरलेली नाही."