काडीवर वाढलेलं तेल

लाल दिवा विझला नाही.

शेषरावानं किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. इंजिन सुरू झालं, तरी मोटारीच्या काट्यांशेजारचा तो दिवा तसाच पेटलेला. तेलाचा दिवा तो. इंजिन सुरू झालं की लगेच विझायला हवा. नाही विझला, तर इंजिनात तेल फिरत नाही असं समजायचं. अशी गाडी दोन मैल हाकली की इंजिनाचं भंगार. त्यानं घाईघाईनं किल्ली काढली. 

मोटार दौलतराव पाटलांची, किन्हीराजात एकुलती एक. पाटील आत अंघोळीला बसले होते आणि तासाभरात त्यांना मंगरूळपीरला निघायचं होतं. त्याआधी बिघाड सापडायलाच हवा होता. चूक कुणाची, हे विचारत बसण्याची पाटलांना सवय नव्हती. आधीचा ड्रायव्हर प्रेमसिंग. पेट्रोल कमी भरतं म्हणून पाटलांनी त्याला चोर ठरवून चारचौघांत हाकललं. मागाहून टाकीलाच भोक सापडलं, पण तोवर प्रेमसिंगाला गाडीला हात लावू देणारं कुणी उरलं नव्हतं. आता तो सडकेच्या कामावर गिट्टी फोडतो. शेषराव रोज त्याच्यासमोरून मोटार नेतो आणि रोज नजर चुकवतो.

त्यानं घुंगरमाळ बाजूला सारून बॉनेट उघडलं. पाटलांच्या वडिलांनी, म्हाताऱ्या उकंडरावांनी, आठ दिवसांपूर्वी पोळ्याला ती माळ मोटारीला बांधली होती. ट्रॅक्टर आल्यापासून गोठा रिकामा. मग ओवाळायचं कुणाला? म्हाताऱ्यानं मोटारीलाच ओवाळलं. गावाला हसायला तेवढंच निमित्त झालं. पाटलांनी मात्र दात-ओठ खात माळ राहू दिली.

शेषरावानं दिव्याची तार इंजिनाकडून सोडवली. किल्ली फिरवून पाहिलं. दिवा पेटलाच नाही. म्हणजे तार धड होती, दुखणं इंजिनातच होतं. तार परत जोडून त्यानं तेल मोजायची काडी उपसली. तेल कमी झालं असेल, ओतू पावशेर, अशी वेडी आशा होती.

तेल वाढलेलं होतं. वरच्या खुणेच्याही वर, चांगलं दोन बोटं.

 तेल जळतं, गळतं, आटतं. आपोआप वाढलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं काडी नाकाशी नेली. जवसाचा वास. हा वास त्यानं झोपेतही ओळखला असता. त्याची बायको लिलाबाई तेलघाणीवर कामाला होती. तिच्या लुगड्याला रोज हाच वास येई.

मोटारीखाली शिरून त्यानं बूच सोडलं. घमेल्यात काळं, चिकट तेल उतरू लागलं. आतली जाळी या चिकट्यानं बुजली असणार. तळाचं तेलाचं चेंबर खोलून जाळी धुतली, नवं तेल भरलं की इंजिन वाचणार होतं. तेवढं काम त्याला अंगणातही जमण्यासारखं होतं. पण त्याला कोण वाचवणार? चांगलं तेल विकून बायकोनं आणलेलं जवसाचं ओतलं, असंच सगळे म्हणणार. तोही दुसऱ्याबद्दल हेच म्हणाला असता.

उकिरडा वीस पावलांवर होता. त्यानं घमेलं उचललं.

"काय टाकून राह्यला रे?"

दौलतराव ओल्या अंगानं ओट्यावर उभे होते.  पाटील खाली उतरले. घमेल्यात बोट बुडवून त्यांनी हुंगलं.

"जवस," ते म्हणाले. आवाज चढला नाही, आणि त्याचीच शेषरावाला जास्त भीती वाटली. "तुई बायको घानीवर जाते ना?"

"मालक, लेकराची आन घेतो, मी नाई..."

"मंग कोनं टाकलं? तेल काय पायानं चालत आलं?"

 शेषरावाच्या डोळ्यांपुढे प्रेमसिंगाची गिट्टी आली. तिच्याशेजारी आपली जागा आली.

तेवढ्यात गोठ्याकडून उकंडराव आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाचा गडू, आणि काखेत बैलाला औषध पाजायची बांबूची नळी. धाप लागली होती म्हाताऱ्याला.

"सरक रे शेषराव. बिमार पडला न हा?" त्यांनी गडू बॉनेटशी टेकवला. "पोयाच्या आंदल्या दिशी मी पाजलं होतं. जवसाचं, चांगलं दोन शेर. गपचूप पेला बिचारा. आज पुन्हा पाजतो. तू फक्त त्याचं तोंड खोल, मांगं मले दाखोलं होतं तसं."

शेषरावाला आठवलं. गेल्या महिन्यात म्हाताऱ्यानं विचारलं होतं, हा खाते कुठून? त्यानं थट्टेनं झाकण उघडून दाखवलं होतं. आबाजी, हे याचं तोंड, इथून तेल पेते.

दौलतरावांचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यावरून तेल ठिपकत होतं. ते बापावर कडाडणार, असं शेषरावाला वाटलं, आणि आता त्याला स्वतःपेक्षा म्हाताऱ्याचीच काळजी वाटू लागली.

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलंच नाही. घुंगरमाळ नीट करत, तो मोटारीचं कपाळ चोळत राहिला.

"मी बरा करतो याले," तो म्हणाला. "पवन्या बैल लंगडला तं तू बजारात नेला. याले तरी इकू नको, दौलत."