पितळेची दोन ताटं

"आज शेवटचं, दाजी. तुमच्या वडलांची एक तरी खूण हितं गावली तर ठीक. न्हायतर उद्यापासनं ही गोष्ट बंद. माझ्यासमोर न्हाय, कुणाच्याच समोर न्हाय!"

पंचाक्षरी हे बोलला तेव्हा त्याच्या तोंडात कडक भाकरीचा तुकडा होता. वर शेंगाचटणीचा ठिपका, मधे टोचलेली काडी, आणि एवढ्याशा घासाला हातभर लांब इंग्रजी नाव. सोलापुरातल्या या नव्याकोऱ्या हॉटेलनं आज 'सन पस्तीसची संध्याकाळ' ठेवली होती. मुंबईतल्या एका जुन्या बड्या हॉटेलात साहेब लोक ज्या बँडवर नाचायचे, त्याच बँडच्या रेकॉर्डी आज वाजणार होत्या. पोरं गळ्यात बो बांधून आली होती, पोरी केसांत पिसं खोवून. शुक्रवार पेठेतली निम्मी मंडळी नुसतीच गंमत बघायला आली होती.

गुरुसिद्धप्पाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वय ऐंशीच्या घरात, अंगात स्वतःच्या लग्नातला कोट. त्याचे अप्पा तरुणपणी मुंबईच्या त्याच हॉटेलात क्लॅरिनेट वाजवायचे, ही गोष्ट तो जन्मभर सांगत आला होता. काचेची झुंबरं, आरशासारखी फरशी, मडमा गोल गोल फिरतायत आणि मधोमध अप्पा! ऐकणारे मान डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे. बायकोचा भाऊ पंचाक्षरी तर तोंडावरच हसायचा. खरं सांगायचं तर अप्पा स्वतः एवढंच म्हणायचे, "मी होतो की रे तितं." बाकीची झुंबरं पोरानं आपल्या पदरची लावली होती.

मुंबईहून परतल्यावर अप्पांनी पेठेत लग्नाचा बँड काढला, एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं. त्या बँडची एक चाल फक्त पाठवणीला वाजायची. क्लॅरिनेट हळूच रडायला लागायची, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पितळेची दोन ताटं एकमेकांवर आदळायची. खळ्ळ! त्या आवाजाला नवरीनं एक पाऊल टाकायचं. कुणी नवा वाजवणारा झांज घेऊन आला की अप्पा डाफरायचे, "झांज न्हाय चालत. ताटं पायजेत, ताटं!" ताटांनी दृष्ट निघते, असं पेठेतल्या बायकांनी ठरवून टाकलं. अप्पा गेले, त्यांचा बँड मोडला, तरी बाकीचे बँडवाले अजून तसंच वाजवतात. ताटांशिवाय पेठेतली एक पोरगी सासरी गेलेली नाही.

पहिली रेकॉर्ड झाली. दुसरी झाली. खूण कसली नि काय! पंचाक्षरीनं घड्याळ बघायला सुरुवात केली. गुरुसिद्धप्पाचा चेहरा उतरला.

तिसरी रेकॉर्ड सुरू झाली. बो बांधलेली पोरं आणि पिसांच्या पोरी हातात हात घालून हसत हसत नाचायला लागल्या. आणि पेठेच्या टेबलांवर बायकांनी एकदम डोळ्यांना पदर लावला.

"अय्यो शिवा," गुरुसिद्धप्पाच्या बायकोनं, कमलम्मानं, त्याचा दंड धरला. "अहो, ही तर माझी पाठवणी की हो!"

तीच चाल. अगदी तीच. पंचाक्षरीची लेक गेल्या वर्षीच सासरी गेली होती. त्यानं काडी खाली ठेवली, नाक शिंकरलं आणि भरल्या हॉटेलात कान धरले. "चुकलो, दाजी. तुमचे अप्पा लई मोठा माणूस! थांबा, सगळ्यांना सांगतो." आणि तो खरंच मॅनेजरकडे पळाला.

गुरुसिद्धप्पाची छाती कोटात मावेना. ओळ संपत आली तसा त्यानं सवयीनं हात वर केला आणि ताटांची वाट बघितली. ताटं वाजलीच नाहीत. दुसरी ओळ संपली, तेव्हाही नाही. क्लॅरिनेट तशीच गुळगुळीत पुढं गेली. त्याला काही कळेना. अप्पांचा जीव की प्राण होती ती ताटं, मग इथं का नाहीत?

त्यांचं टेबल मुदपाकखान्याच्या दाराला लागून होतं. एक वाढपी दार ढकलून आत गेला, आणि आतून आवाज आला. खळ्ळ!

गुरुसिद्धप्पा उठला. दार ढकलून आत गेला. आत वाफ होती, साबणाचा वास होता, आणि मोरीपाशी एक माणूस विसळलेल्या ताटल्या एकावर एक टाकत होता. बाहेरची चाल इथं अर्धी-मुर्धीच ऐकू येत होती, आणि तिच्यात ताटल्या वाजत होत्या. खळ्ळ. अप्पांची पाठवणी आत्ता कुठं पुरी झाली. म्हातारा तिथंच उभा राहिला, रेकॉर्ड संपेपर्यंत. त्याला रडू आलं आणि हसूही आलं. झुंबरांखालच्या अप्पांपेक्षा हे अप्पा त्याला फार मोठे वाटले.

तो बाहेर आला तर टाळ्या. पंचाक्षरीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मॅनेजर माईक घेऊन समोर उभा. "आजोबा, आमचं केवढं भाग्य! तुमचे वडील त्या हॉटेलच्या बँडमध्ये होते. काय वाजवायचे ते?"

पंचाक्षरीनं मान हलवून खुणावलं, सांगा, सांगा. गुरुसिद्धप्पानं माईक हातात घेतला.

"ताटं," तो म्हणाला. "आत, मोरीपाशी. भांडी विसळता विसळता पाठ केलं की हो सगळं."