वामकुक्षीचे अकरा वॉट

सुपारीचा वास. ओढलेले पडदे. विजेच्या बॅकअपच्या पेटीवरचा हिरवा दिवा. आज शुक्रवार.

अण्णांचं कृत्रिम हृदय घरातल्या संगणकावर चालायचं. दुपारी दहा मिनिटं घरात कुणी हललं नाही, की बॅकअप त्या संगणकाची वीज तोडायचा. पेटीतली ती मर्यादा बदलणारा माणूस सोमवारी येणार होता.

“कुमुद, तू पड जरा. मी पाय हलवत राहतो,” अण्णा म्हणाले.

“अहो, काल पाचव्या मिनिटाला घोरत होतात.”

“घोरणं हीसुद्धा हालचालच.”

“त्या पेटीला सांगा ते.”

कुमुदताई त्यांचे तळवे चोळत बसल्या. अण्णांना झोप लागली. मग कुमुदताईंचेही डोळे मिटले, हात थांबला. दहाव्या मिनिटाला पेटीवरचा दिवा पिवळा झाला.

वामकुक्षीच्या वेळचे अकरा वॉट वाचावेत म्हणून ती दहा मिनिटांची मर्यादा अण्णांनीच लावली होती, हृदय बसवण्याच्या वर्षभर आधी.