एकट्याने पुढचं बघायचं नाही

कार्लाने टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला तशी मागून धूळ निघाली, आणि आईची हरवलेली विणकामाची सुई. सुई तिने खिडकीत ठेवली. रूडी निएमी खुर्चीतून लेकीचे उद्योग बघत होता. दारापुढचा बर्फ उपसून तो नुकताच आत आला होता, आणि त्याला हे सगळंच नको होतं.

"टीव्हीखालचा जुना डबा काय वाईट होता?"

"बाबा, त्याने उन्हाळ्यातच मान टाकलीय. विजा कडाडल्या तेव्हा."

ते खरं होतं. डबा गेला तेव्हा रूडीला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं होतं. मालिकेचे शेवटचे दोन भाग बघायचे राहिले होते, आणि जिच्याबरोबर बघायचे ती डेलोरेस एप्रिलात गेली होती.

निएमी नवरा-बायकोचा एक कडक नियम होता. एकट्याने पुढचं बघायचं नाही. नोव्हेंबरात रूडी दोस्तांबरोबर हरणांच्या शिकारीला रानात जाऊन राही, तेव्हा डेलोरेस टीव्हीवर चक्क टेबलक्लॉथ टाकून ठेवी. उलट एकदा ती चर्चच्या जेवणाला गेली असताना यानं अर्धा भाग चोरून बघितला, तर आठवडाभर त्याच्या ताटात मांस-बटाटा भरलेली पेस्टी गारच पडली. या मालिकेवर तर पैजच लागलेली. दीपगृहाच्या गावात खून झालेला. रूडी म्हणे पाद्र्याने केला, डेलोरेस म्हणे पोस्टातल्या बाईने. हरेल त्याने दर शनिवारी लाकडं फोडून सौना तापवायची, अगदी मरेपर्यंत. निकाल लागलाच नाही. परसातली ती वाफेची खोली एप्रिलपासून गारठून पडली होती.

कार्लाने डब्याऐवजी आणलेलं बोटाएवढं यंत्र टीव्हीच्या खाचेत खोचलं, रिमोटमध्ये सेल घातले, पडद्यावर आलेला कोड फोनवर टाकला. "झालं! आता काय हवं ते बघा."

पडद्याने विचारलं, कोण बघतंय? खाली दोन चित्रं. डेलोरेसचं घुबड आणि रूडीचा मासा. माशाला कधी कुणी हात लावला नव्हता. बघायचे ते दोघं घुबडातच. कार्लाने सवयीने घुबड दाबलं. मालिका उघडली.

प्रत्येक भागाच्या चित्राखाली लाल रेघ होती. बघून झालेल्याची खूण. राहिलेल्या दोनांपैकी पहिल्याखालीही ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. शेवटच्या भागाखाली मात्र निम्म्यात थांबलेली.

"हे कुणी बघितलं?" रूडी ताडकन उठला.

कार्ला रिमोटकडे बघत राहिली. "आईने. हॉस्पिटलात. तिला टॅब मीच नेऊन दिला होता, झोप येत नाही म्हणाली म्हणून. बाबांना सांगू नकोस म्हणाली, रागावतील."

"खोटारडी!" रूडीचा आवाज चिरकला. "मी रोज कॉफीचा थर्मास घेऊन जायचो. रोज म्हणायची, घरी आल्यावर बघू. डॉक्टर तोंड पाडून बसले तरी मी म्हणायचो, अरे, ती येणार आहे, आमचे दोन भाग राहिलेत." तो खाली बसला. "म्हणजे तिला माहीत होतं. वेडा तेवढा मीच."

आता त्याला आठवलं. एके दुपारी डोळे मिटूनच ती म्हणाली होती, "पाद्री नाही रे तो, रूडी. सोड पैज." तो केवढा हसला होता.

कार्लाने डोळे पुसले. "पहिल्यापासून लावू का? मीही बसते तुमच्याजवळ." तिचा अंगठा बटणावर गेला.

"थांब! हात लावू नकोस. ती रेघ पुसली जाईल."

बाप एवढा ओरडल्याचं तिला आठवत नव्हतं. रूडीने रिमोट काढून घेतला, चष्मा वर सरकवला आणि रेघेशेजारचा उरलेल्या मिनिटांचा आकडा दोनदा वाचला. मग चाचपडत मागे गेला आणि मासा दाबला. माशाकडे एकही रेघ नव्हती.

दोघांनी राहिलेला भाग बघितला, मग शेवटचा लावला. पाद्री खरंच निर्दोष निघाला. "बघ, सांगत होती ती," रूडी पुटपुटला. बाहेर सरोवरावरून वारा सुटला होता. शेवटच्या भागात पोस्टातली बाई कंदील घेऊन दीपगृहाच्या पायऱ्या चढू लागली, वरच्या दाराशी पोचली, तिने कडीला हात घातला. रूडी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघत होता. मघा वाचलेला आकडा येताच त्याने बटण दाबलं. बाई तिथेच थबकली.

"अहो बाबा! आता कळलं असतं ना कोण ते!"

"तिला कुठे कळलंय?"

रूडीने टीव्ही बंद केला आणि दाराशी जाऊन बूट चढवू लागला. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"आता कुठे निघालात एवढ्या थंडीत?"

"शनिवार आहे. सौना तापवतो."

"म्हणजे पैज हरलात?"

"अजून चालू आहे," तो म्हणाला. "निकाल लागेपर्यंत मी तापवतो."