काटा दहावर

तबकडीवरचा काटा दहाच्या पुढे हलायला तयार नव्हता.

"माती ओली आहे," अमोल म्हणाला. "आज पाणी नको."

"मग ही पानं का करपली?" इंदुबाईंनी आंब्याची एक डहाळी त्याच्या नाकासमोर धरली. कडेनं पानं तपकिरी पडली होती. "तहानेनं मरतात रे ती."

अमोलकडे उत्तर होतं, पण आईचा चेहरा बघून ते देववत नव्हतं.

जिते गावाच्या खाडीकाठी हापूसची साठ कलमं. नवऱ्यामागे इंदुबाईंनी डोक्यावरून हंडे वाहून जगवलेली, यंदा चौथं वर्ष. दापोलीहून शेतकीची पदवी घेऊन आलेल्या लेकानं फेब्रुवारीत बागेत हातभर नळी रोवली. खाली भाजक्या मातीचं टोक, वर घड्याळासारखी तबकडी. माती सुकली की काटा चढणार, मगच पंप लावायचा. निम्मं पाणी वाचणार होतं. पाणी वाचलं खरं, पण एप्रिल लागला तशी झाडांनी माना टाकल्या. इंदुबाईंना रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

"आई, विहिरीत खाडीचं पाणी झिरपत असेल," अमोल शेवटी बोलला. "पाणी खारं असलं की माती ओली असूनही झाडाला ते पिता येत नाही. वरून आणखी घातलं तर मरेलच. बाटली भरून तपासायला पाठवतो, आठ दिवसांत कळेल."

"आठ दिवस? आणि कान्हूभावजी कशाला हायत?"

कान्हू म्हणजे इंदुबाईंचे थोरले दीर. पन्नास वर्षं मिठागरात गेलेली. मीठ धरायची वेळ झाली की नाही, हे ते पाण्यात बोट बुडवून, चाखून सांगत, आणि मालकही मुकाट ऐके. गावात नवी विहीर खणली की पहिला घोट कान्हूंचा. त्यांनी गोड म्हटलेलं पाणी दुसऱ्यानं चाखून बघणं म्हणजे भर चावडीत त्यांचा अपमान. ते धाडस जित्यात कोणी केलं नव्हतं.

कान्हू आले. तंबाखूचा बार थुंकून त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं तीन चुळा भरल्या. मग विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं, डोळे मिटले. इंदुबाईंनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"गोड हाय," ते म्हणाले. "बिनघोर सोड पानी."

"काका, तरी एकदा बाटली पाठवू या का? नुसती खात्री म्हणून."

कान्हू रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पाठव की. माझ्या पन्नास वर्सांपेक्षा तुझी बाटली मोठी असंल तर पाठव."

"नाय पाठवत तो!" इंदुबाईंनी अमोलच्या हातातली भरलेली बाटली हिसकावून ओतून टाकली. मग त्या लेकाकडे वळल्या. "तुझ्या नळीनं माझी झाडं मारली, अमोल. काढ ती."

अमोलनं नळी उपटली. टोकाला चिखल होता. तो त्यानं बोटानं पुसला. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आता काही ठरवायचं त्याच्यावर नव्हतं.

पंप सुरू झाला. साठही आळी काठोकाठ भरायची, रोज, थेट पावसापर्यंत, असं ठरलं. पहिल्या आळ्यात पाणी पोचलं तशा इंदुबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. त्यांनी घरातल्या धाकट्या लेकीला हाक मारली, "सरू गो, काकांना च्या आन!"

सरू तीन कप कोरा चहा घेऊन आली. कान्हूंनी बशीत ओतून भुरके मारत कप संपवला. "मस्त झालाय गो," म्हणत बशी खाली ठेवली.

मग इंदुबाईंनी पहिला घोट घेतला आणि तिथंच थुंकून टाकला. "कार्टे, साखरेच्या जागी मीठ घातलंस!"